दादाच्या तोंडाचा वास

अमरावतीत, राजापेठेत एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. वर्षातून एक तास असा येतो की मागच्या बाकावरची मुलंही वही उघडतात. त्या दिवशी मी प्यायलेल्या माणसासाठीचे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितो. टिप्सी, मेरी, हाय, टाइट, स्लॉश्ड, वेस्टेड. वरून खाली, जिना उतरावा तसे. शेजारी दुसरा रकाना असतो, आनंदानं भान सुटलेल्या माणसाचा. थ्रिल्ड, एक्सायटेड, ओव्हरजॉइड. मग माझं ठरलेलं वाक्य येतं, "या दोन्ही रकान्यांतली माणसं लांबून सारखीच दिसतात, म्हणून जवळ जाऊन पाहा आणि मगच शब्द वापरा." मुलं हसतात. यंदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. का, ते लिहायला बसलो आहे.

मी स्वतः घेतो. वीस वर्षं घेतो आहे. मित्रांबरोबर चिखलदऱ्याला गेलो की "जरा हाय झालो" म्हणतो, घरी उशिरा आलो तर बायकोला "थोडा टिप्सी आहे गं" म्हणतो. तिनं कधी मराठीत विचारलं नाही आणि मी कधी मराठीत सांगितलं नाही. हिवरखेडला माझा मोठा भाऊ शेती करतो. तोही प्यायचा, गावातली, हातभट्टीची. त्याच्यासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, दारुडा. चार वर्षांपूर्वी त्यानं सोडली. कोणाला न सांगता सोडली, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

माझ्या मुलीसाठी अकोल्याहून स्थळ आलं. माणसं चांगली, सरळ. आमच्याकडे सोयरीक जुळवताना चौकशी होतेच. मुलाच्या वडिलांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "घराण्यात पिण्याचं काही नाही ना? लपवू नका, आमच्या घरी त्याचे भोग झालेत." मी म्हणालो, "आमच्या घरात नाही. मोठा भाऊ आहे गावाकडे, त्याचं थोडं आहे. पण तो वेगळा राहतो." ते म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं वाटलं." प्रामाणिक माणूस म्हणून मी तिथं मान मिळवला आणि किंमत दादाच्या नावानं दिली. बायको चहाचे कप उचलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अमरावतीत, भर दुपारी. मुलीकडचा थोरला माणूस नवरदेवाला टिळा लावतो, शेला आणि नारळ देतो. आमच्यात थोरला म्हणजे दादाच. मुलीनं महिनाभर आधी फोन करून सांगितलं होतं, "मोठे बाबा, टिळा तुम्हीच लावायचा." त्यासाठी त्यानं नवा सदरा शिवला होता.

मी सकाळपासून घाबरलेला होतो. पाहुणे यायच्या आधी गाडीच्या डिकीतून दोन घोट घेतले. वर वेलदोडा चघळला. नुसतं हात स्थिर राहावेत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. त्यालाही एक इंग्रजी शब्द माझ्याकडे होताच.

बाहेर डफडं वाजायला लागलं आणि दादा फाटकातून आत आला. अकोटला गाडी बदलून आला होता, डोळे धुळीनं लाल. डफडेवाल्यासमोर थांबला आणि नाचायला लागला. हात वर, दुपट्टा खांद्यावरून घसरलेला. मग नवरदेवाला मिठी मारून मोठ्यानं म्हणाला, "जावाई, आमची पोरगी लय गुणाची हाये बरं." आणि रडायला लागला. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दादाचा दंड धरला आणि त्याला स्वयंपाकघरामागच्या बोळात नेलं. तिथं आचारी कढई उतरवत होते.

"घेऊन आलास?"

"काय घेऊन?"

"दादा, तोंड उघड. श्वास सोड."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे, शाळेत मला खांद्यावर बसवून नेलेलं आहे त्यानं. त्यानं तोंड उघडलं आणि श्वास सोडला. कांदा, ठेचा, ज्वारीची भाकर. एसटीत खाल्लेली शिदोरी. बाकी काही नव्हतं.

मग तो हळूच, आचाऱ्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला, "मास्तर, माया तोंडाले वास नाई येत. तुया तोंडाले येऊन रायला. जाय, सोप खाय. व्याही जवळ बसते."

आतून बोलावणं आलं. तरीही मी दादाला पुढं नेलं नाही. नेलं असतं तर बैठकीत सांगितलेलं खोटं ठरलं असतं. टिळा माझ्या मेव्हण्यानं लावला. मुलगी मान वळवून वळवून मोठ्या बाबांना शोधत होती. तो शेवटच्या खुर्चीवर नवा सदरा नीट करत बसला होता. व्याही मला म्हणाले, "तुम्ही वेळेत सांभाळलंत." मी बडीशेप चघळत मान हलवली.

लग्नाआधी मी हिवरखेडला गेलो. व्याह्यांना खरं सांगतो म्हणालो. दादा गोठ्यात होता. "काहून सांगतं आता? पोरीले तरास होईन. मी गेलो काय अन् आलो काय, मले फरक नाई पडत." मी म्हणालो, "मला पडतो." तो हसला. "तुले पडते तं पिऊ नोको."

मी व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही. लग्न झालं. दादा आला, आहेर दिला, जेवला, सगळ्यांशी नीट बोलला. दारू मी सोडली आहे असं लिहावंसं वाटतं, पण तसं नाही. कमी केली आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून सुरू झाली ती थांबलेली नाही. माझ्या बायकोशी, मुलीशी, व्याह्यांशी दादा पूर्वीसारखाच बोलतो. माझ्याशी बोलायचं झालं की आधी दुपट्ट्याचं टोक तोंडापुढे धरतो.