दौंडचं चार दिवसांचं बिऱ्हाड

लॉजवर उतरणं हा समाजद्रोह आहे, असं माझं ठाम मत आहे. या मतापायी एकदा आमच्या कुसुमचं लग्न मोडायची वेळ आली होती. तरी मत तेच आहे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली माझ्या या धाकट्या बहिणीची शिवणकामाची सरकारी परीक्षा दौंडला लागली. आम्ही शिरूरचे. परीक्षा तीन दिवसांची, आणि दौंडलाच तिला एक स्थळ सांगून आलेलं. मुलगा वामन, रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. एका लग्नात कुसुमनं त्याला पाहिला होता. "काळा हाय, पण लग्नानंतर मशीन चालवू देणार म्हणतोय," एवढंच ती बोलली आणि चुलीपाशी गेली. आमच्या घरात याला होकार म्हणतात. त्यांचा निरोप आला, "आलाच आहात तर परीक्षा झाल्यावर मुलगी पाहून घेऊ. पण आमचं दीक्षा घेतलेलं घर. अंगारे-धुपारे, गंडे-दोरे असलं काही दिसलं तर चहासुद्धा न घेता उठू."

मला भरून आलं. घर आमचंही दीक्षा घेतलेलंच, शिवाय अंधश्रद्धेविरुद्ध मी स्वतः लिहिलेली पत्रकं शिरूरच्या बाजारात वाटत होतो. (लोक त्यात भजी बांधून नेत. पण नेत!)

आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "स्टेशनासमोर लॉज हाय. खोली घिऊ, मोकळं होऊ." मी पुढं जाऊन चौकशी केली. मॅनेजरनं नाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "खोली शिल्लक न्हाई." त्याच्या डोक्यामागच्या फळीवर किल्ल्यांचे घोस लोंबत होते. मी तिथंच भाषण ठोकलं. ऐकायला मॅनेजर आणि एक मांजर. मांजर शेवटपर्यंत थांबलं.

परत येऊन आबांना सांगितलं, "कुणाच्या मेहेरबानीची खोली नको. चार दिवसांचं का होईना, घर घेऊ. आपली चूल, आपलं दार."

"चार दिसांसाठी घर कोण देतंय तुला?"

दिलं. नदीच्या अंगाला एक आप्पा राहत होते. एकटे, म्हातारे. दोन खोल्या, पुढं अंगण. मी न विचारता आडनाव सांगून टाकलं, म्हणजे नंतर भानगड नको. आप्पा म्हणाले, "बरं. ही किल्ली." त्यांचं बोचकं बांधून काखेत तयारच होतं! लेकीकडं कासुर्डीला निघताना एवढंच म्हणाले, "सकाळच्याला मानसं येत्यात. हाकलू नगा तेवढं."

मी आईला म्हणालो, "बघ, याला परिवर्तन म्हणतात." परिवर्तन एवढ्या घाईनं एसटी स्टँडकडं का चाललंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

सकाळी दार उघडलं तर अंगणात माणसं. सगळी वाकडी. कुणी कमरेत, कुणी खांद्यात. पुढं एक उसाचा बागायतदार, फेटा, मिशा, हात पाठीवर.

"आप्पा कुठंयत?"

"गावाला गेलेत."

"मग लाथ कोन मारनार?"

मी बाह्या सारल्या. भांडणाला मी कधी मागं हटत नाही. तेवढ्यात दुसऱ्यानं खुलासा केला: आप्पा पायाळू. आईच्या पोटातून जो पायाकडून जन्माला येतो, त्यानं पाठीत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, असा लोकांचा समज. सगळा तालुका आप्पांच्या लाथा खायला येत होता, आणि आप्पांचा गुडघा दुखायला लागला होता.

हे थोतांड कसं आहे ते मी समजावून सांगू लागलो. बागायतदार ऐकता ऐकता कण्हत होता. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. माझ्या आईला कण्हणं ऐकवत नाही.

"आवं, आमचा ह्यो बी पायाळूच हाय की."

(खरं आहे. पायाळूवर वीज पडते म्हणून लहानपणी पावसात मला परसाकडंसुद्धा सोडत नसत.)

बागायतदार पाठ करून बसला. ज्यांच्या दारात माझ्या बापाला अजून वेगळ्या कपात चहा मिळतो, तसल्याच घरातला हा माणूस. मी म्हणालो, "आधी माझं आडनाव विचारा."

"आडनावानं उसण जाती व्हय? मार की!"

पत्रकात लिहिलं नसेल इतक्या जोरात मारली. तो उठला, उजवीकडं वळला, डावीकडं वळला आणि म्हणाला, "आप्पापरीस हात... पाय चांगलाय तुझा."

झालं. तीन दिवस कुसुम परीक्षा देत होती आणि मी लाथा. प्रत्येकाला आधी अंधश्रद्धेवर दोन शब्द सांगायचो. "सांगा सांगा, पन मारा," लोक म्हणायचे. मला फक्त पाठी दिसत. तोंडं पाहायला सवडच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळची रांग संपवली आणि आईला बजावलं, "आता कुणी आलं तरी दार उघडायचं नाही." दुपारी पाहुणे आले. वामन आणि त्याचे वडील. ताठ, कडक माणसं. वडील कोपऱ्यात चपला काढायला वळले. तोंड अनोळखी, पण पाठ ओळखीची होती. उजव्या खांद्याखाली ठिगळ. सकाळी तिथंच मारली होती!

वामन मला म्हणाला, "ती पत्रकं तुमचीच ना? आमच्या लोको शेडमध्ये वाचतो आम्ही." मी मान डोलावली. त्याच्या वडिलांनी डोलावली नाही, ते भिंतीकडं पाहत होते. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "आवं पायाळू, आटपा लवकर, एसटी जाईल आमची!"

"पायाळू कोण?" वामननं विचारलं.

आबांनी टोपी काढून परत घातली. माझं सगळं वक्तृत्व मांजराबरोबर गेलं होतं. बोलली ती कुसुम. मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं, तिनं वर केली.

"माझा भाऊ. मानसं पाठ धरून येत्यात, ह्यो लाथ मारतो. लाथंत काय न्हाई, हे तुम्हाला बी ठावं, मला बी ठावं. पन कण्हत आलेलं मानूस दारातनं तसंच परत धाडायचं का, ते तुम्हीच सांगा."

मग वामनचे वडील भिंतीशीच पुटपुटले, "सकाळी मी बी खाल्ली. तुला बोललो न्हाई."

वामननं बापाकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं आणि चहा न घेता उठून बाहेर गेला. आईनं डोळ्याला पदर लावला. कुसुमनं पोह्यांच्या बशा गोळा करायला घेतल्या. मी हात जोडायला वामनच्या मागं धावलो.

तो घरामागं उभा होता. आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला, "माझा यावर विश्वास न्हाई."

"माझाही नाही."

"कोळशाचं फावडं मारून मारून आठवडा झाला पाठ धरलीय. बसवत न्हाई, म्हणून उठलो." मग भिंतीला हात टेकून त्यानं पाठ माझ्याकडं केली. "शिवणाचं मशीन कुठलं हाय हिचं? पायाचं का हाताचं?"

मी मारली. तो सरळ झाला, आत गेला आणि गार झालेला चहा एका दमात प्याला.

सोयरीक पक्की झाली. मारणाऱ्याचा विश्वास नव्हता, खाणाऱ्याचा नव्हता, तरी उसण गेली! हे शास्त्राला धरून नाही. मी याचा जाहीर निषेध करतो. आता दौंडला गेलो की कुसुमच्याच घरी उतरतो. दारात आधी निषेध नोंदवतो, मग उजवा बूट काढतो.