गुंजाळकाकांची नडगी

"इथं दुखतं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई, मॅडम."

मी अंगठा आणखी थोडा खाली सरकवला आणि दाबला. काका पुन्हा 'न्हाई' म्हणाले, पण त्यांच्या पायाची बोटं आकसली. मी तिथेच परत दाबलं.  भिंतीवर मणक्याचा तक्ता लावलेला आहे, ते त्याच्याकडे बघत राहिले.

मी संगमनेरला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट गुडघ्याचे, कंबरेचे, नाहीतर लकव्याचे. पळून पाय दुखावलेलं माणूस पूर्वी क्वचित यायचं. आता गावोगाव रनिंग ग्रुप निघालेत, त्यामुळे नडग्याही यायला लागल्यात.

पळणाऱ्याची नडगी साधारण दोन तऱ्हांनी दुखते. एकात हाडाला चिकटलेले स्नायू आणि हाडावरचं आवरण दुखावतं. ते दुखणं वीतभर पसरलेलं असतं आणि अंग गरम झालं की बरेचदा कमी होतं. दुसऱ्यात हाडालाच बारीक चीर जायला लागते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडावं लागत नाही, काही आपटावं लागत नाही. रोजचा ताण भरून निघायला हाडाला वेळ मिळाला नाही, की ते हळूहळू थकतं. हे दुखणं एका बोटाखाली सापडतं. काकांचं सापडलं होतं.

मी त्यांना त्या पायावर एक उडी मारायला सांगितली. त्यांनी मारली आणि खाली येताना टेबल धरलं.

"काका, पळणं बंद."

"किती दिस?"

"आधी एमआरआय करू. पण शर्यत विसरा."

ते खुर्चीत बसले आणि मोजे घालायला लागले. मोजे घालायला त्यांना बराच वेळ लागला.

हे काका मला पेशंट म्हणून भेटले नव्हते. आम्ही एकाच ग्रुपमध्ये होतो. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या अमोल सरांनी नवशिक्यांसाठी तो ग्रुप काढला होता. आठवड्यातून तीन दिवस सकाळी ग्राउंडवर जमायचं, हिवाळ्यात नगरला दहा किलोमीटरची शर्यत पळायची, असा बेत. पळण्याआधी काय काळजी घ्यायची ते सांगायला सरांनी मला बोलावलं होतं. मी अर्धा तास बोलले आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून परत गेले. त्याच वर्षी माझी आई गेली होती. ती अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे माझी सकाळ म्हणजे तिचं अंग पुसणं, तिचा चहा, तिची औषधं. ती गेल्यावर क्लिनिक उघडेपर्यंतचा वेळ मला संपता संपेना. लग्न मी केलेलं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं.

ग्रुपमध्ये सगळ्यात मागे मी असायचे आणि माझ्या थोडं पुढे गुंजाळकाका. दूध संघाच्या चिलिंग प्लांटवरून रिटायर झालेले, साठी ओलांडलेले, सडपातळ. आयुष्यभर पहाटेची पाळी केल्यामुळे रिटायर झाल्यावरही त्यांना चारला जाग यायची. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा चाकणला कंपनीत, तिकडेच बिऱ्हाड. एवढी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, कारण पळताना आम्हाला दोघांनाही बोलण्याएवढा दम नसायचा. एकमेकांच्या बुटांचा आवाज मात्र ऐकू यायचा. दिवाळीनंतर काकांच्या बुटांचा आवाज बदलला. एक पाऊल लांब आणि एक तोकडं पडायला लागलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा मी सरळ क्लिनिकला या म्हणून सांगितलं.

मला एक गोष्ट कळत नव्हती. सरांचं वेळापत्रक चांगलं होतं. पळायचं, एक दिवस विश्रांती, मग पळायचं. एवढ्यावर हाडाला चीर जायला नको. मी काकांना विचारलं, ग्रुपशिवाय कधी पळता का?

त्यांनी मोजा वर ओढला.

"रोज पळतो."

"रोज? सुट्टीच्या दिवशी पण?"

"त्या दिवशी जास्तच."

"कशासाठी? सर नको म्हणाले होते ना?"

"मॅडम, ग्रुपच्या दिवशी मान्सं भेटत्यात. मधल्या दिवशी करू काय? चारला उठून बसतो. घरात भांडंसुद्धा वाजत न्हाई. मग बूट घालतो."

यावर काय औषध सांगायचं ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. एक्स-रेत अशी चीर सुरुवातीला बहुधा दिसत नाही, म्हणून एमआरआय लागतो, तो नाशिकला होईल, हे समजावलं. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि विनंती केली, की यातलं अमोल सरांना काही सांगू नका. पेशंटनं नको म्हटल्यावर मला सांगता येत नाही. मी तसा शब्द दिला, पण पळायचं नाही असा त्यांच्याकडून घेतला.

दोन दिवसांनी अमोल सरच क्लिनिकवर आले. काकांनी त्यांना पाय जरा धरतो एवढंच सांगितलं होतं. सर माणूस उत्साही. ग्रुपमधला सगळ्यात ज्येष्ठ रनर म्हणून त्यांनी काकांचा फोटो टाकून पोस्टर केलं होतं.

"मॅडम, काकांच्या नडगीला पट्ट्या लावून टेपिंग करून द्या ना. तेवढी शर्यत निघून जाईल."

"नाही करणार."

"एवढं काय आहे?"

"ते मी सांगू शकत नाही. पण माझ्या हातून टेप लागणार नाही, आणि तुम्हीही त्यांना पळवू नका."

सर थोडे नाराज झाले. मी काही सांगत नव्हते, त्यामुळे त्यांना मी उगाच घाबरवतेय असं वाटलं असावं. ते म्हणाले, काकांचं काकांना ठरवू द्या. चहाही न घेता गेले.

रविवारी लांब पळण्याचा दिवस होता. चंदनापुरी घाटाच्या बाजूला आम्ही जायचो. मी पोचले तेव्हा काका सगळ्यांच्या मधोमध उभे राहून हसत होते. दुखणं दबायची गोळी घेऊन आले होते, हे मला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. मी बाजूला बोलावून परत जायला सांगितलं. ते म्हणाले, आज फक्त चालतो. निघाल्यावर शंभर पावलंही ते चालले नाहीत. पळायला लागले.

मी त्यांच्या शेजारी राहिले. थांबा म्हणत होते, ते मान हलवत होते. पुढचे लोक वळणापलीकडे गेले. त्यांचं बोलणं थोडा वेळ ऐकू आलं, मग तेही बंद झालं. ओढ्यावरच्या एका मोरीजवळ काकांनी एकदम पाय उचलून धरला आणि कठड्यावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी बूट सोडला. पाय सरळ होता, हाड वाकलेलं नव्हतं, पण काका हात लावू देत नव्हते.

सरांना फोन लावला. ते बरेच पुढे होते, गाडी घेऊन यायला वेळ लागणार होता. आम्ही दोघं तिथेच बसलो. हायवेवरून ट्रक जात होते. काकांना रागवावं असं मनात होतं, पण मी रागावले नाही. पाण्याची बाटली दिली.

बाटली परत देताना ते म्हणाले, "तुमी बंद म्हनला तवा मला पायाचं काई वाटलं न्हाई."

"मग?"

"ग्रुपमधून नाव जाईल असं वाटलं."

नाव कुणी काढत नाही, असं मी सांगितलं. मलाच माझ्या बोलण्याची फार खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद ठेवून मी त्यांना माझ्या गाडीनं नाशिकला नेलं. मुलाला रजा मिळत नव्हती, आणि काकांनी त्याला फार आग्रहही केला नव्हता. एमआरआय सेंटरच्या काउंटरवर मुलीनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी आहे," मी म्हटलं.

"नात्यानं कोण?"

 फिजिओथेरपिस्ट म्हणाले असते तर चाललं असतं. मी म्हटलं, "आम्ही एका ग्रुपमध्ये पळतो." तिनं मान डोलावली आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितलं.

रिपोर्टमध्ये चीर स्पष्ट होती. आरपार गेली नव्हती. आणखी थोडं पळले असते तर जाऊ शकली असती, मग कदाचित ऑपरेशन, हाडात सळई, वर्षभराचं दुखणं. डॉक्टरांनी पायाला आधाराचा बूट दिला, हाडांची तपासणी करून गोळ्या सुरू केल्या आणि पळणं बंद ठेवलं. वैद्यकीय बाजूनं बघितलं तर आम्ही थोडक्यात सुटलो.

काकांनी परवानगी दिल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, 'लवकर बरे व्हा' आलं. त्यानंतर टी-शर्टच्या साइजचा मेसेज आला आणि सगळे तिकडे वळले. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शर्यत जवळ आली होती.

मी एकदा काकांच्या घरी गेले. बूट घातलेला पाय स्टुलावर ठेवून ते बसले होते. चहा त्यांनीच केला. शर्यतीच्या दिवशी गाडीतून नगरला चला, पाण्याच्या टेबलावर बसा, असं मी सुचवलं. सरांनी तशी सोयही केली होती. काका नको म्हणाले. लोक पळताना बघवणार न्हाई, एवढंच सांगितलं. मी पुन्हा आग्रह केला नाही.

नगरची शर्यत मी पूर्ण केली. शेवटचा टप्पा बराचसा चालत. मी पोचले तेव्हा फिनिशजवळचं गाणं बंद झालं होतं, फुगवलेल्या कमानीची हवा सोडायची तयारी चालली होती. आमच्यापैकी बाकीचे मेडल घालून फोटो काढून नाश्त्याला गेले होते. एका स्वयंसेवक मुलीनं माझ्या गळ्यात मेडल घातलं. पाय थकतील म्हणून मी गाडी आणली नव्हती; मेडल घालूनच परतीची एसटी धरली. शेजारच्या बाईंनी ते कशाचं म्हणून विचारलं, तेव्हा बरं वाटलं.

शर्यतीनंतर सरांनी आठवडाभर विश्रांती जाहीर केली. ती संपलीच नाही. कुणाचं लग्नकार्य आलं, कुणाच्या मुलांची परीक्षा, सरांनाही कॉलेजच्या स्पर्धा होत्या. मी एकदा ग्राउंडवर जाऊन आले, तिघं जण होते. नंतर मीही गेले नाही. ग्रुप बंद झाला असं कुणी म्हटलं नाही, त्यामुळे तो बंद झाल्याचं कुणाला कळवावं लागलं नाही.

हाड भरल्यावर डॉक्टरांनी काकांना माझ्याकडे पाठवलं. मी नडगी दाबून बघितली. या वेळचं 'न्हाई' खरं होतं. त्या पायावर उडी मारली, टेबल धरलं नाही. मी त्यांना पुढचं समजावलं. आधी नुसतं चालायचं. मग चालता चालता एक मिनिट पळायचं, पुन्हा चालायचं. दुखलं तर थांबायचं आणि मला सांगायचं.

ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, ग्रुप आता कुठं जमतो?"

"का?"

"ह्या आठवड्यात रोज ग्राउंडवर जातो. पायऱ्यांवर बसून ऱ्हातो. ठरलेल्या दिवशी बी कोनी येत न्हाई. म्हनलं जागा बदलली आसंल."

मी त्यांना खरं सांगितलं. ग्रुप राहिला नाही. शर्यत झाली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. काका माझ्याकडे बघत राहिले.

"तुमी बी जात न्हाई?"

"नाही."

"मग सकाळी काय करता?"

मी पेपर वाचते म्हणून सांगितलं. ते ठीक हाय म्हणाले आणि उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, की पहिले काही आठवडे तुम्ही एकट्यानं पळायचं नाही, माझ्या नजरेसमोर पळायचं. असा काही नियम नाही. त्यांनाही ते कळलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही. किती वाजता येऊ, एवढंच विचारलं.

त्याला आता वर्ष होत आलं. काकांचा पाय बरा आहे. आम्ही दोघं ग्राउंडवर जातो, बोलणं अजूनही फारसं होत नाही. थंडीत एखाद्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना चाकणला नेतो, तेव्हा मी एकटीच चार फेऱ्या मारून येते. कुठल्याही शर्यतीत आम्ही नाव घातलेलं नाही.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. एखाद्या पेशंटला पळणं, चालणं, योगाचा क्लास, काहीही बंद करायला सांगायचं असलं, की मी आधी विचारते, तिथे तुम्हाला कोण कोण भेटतं? मग सांगते, की व्यायाम करू नका, पण त्या वेळेला तिथे जाऊन बसा. बऱ्याच जणांना हे विचित्र वाटतं. काही जण मात्र लगेच हो म्हणतात. त्यांना मी पुढची तारीख जरा जवळची देते.