तिच्या नावाचं कार्ड

स्पिरिटचा वास आला की मला आमची कंधारची शाळा आठवते. कारगिलची लढाई चालू होती, दहावीचा निकाल लागला होता आणि आम्ही दाखले न्यायला गेलो होतो. गुरुजी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसलेले. "आधी सीमेवरच्या जवानाला चार ओळी लिहा, मगच दाखला. पुढं काय व्हणार ते लिहा. ते कुणासाठी लढायलेत, हे कळू द्या त्यांना." पोरं पटापट 'फौजी होणार' लिहून मोकळी झाली. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं मात्र मन लावून लिहिलं, 'मी नर्स होईन, तुमची मलमपट्टी करीन', आणि खाली घरचा पत्ता घातला. मला काहीच सुचेना, म्हणून मी तिचीच ओळ उतरवली. उत्तर आलं ते तिला एकटीला, तेही दिवाळीनंतर, नेमकं तिच्या हळदीच्या दिवशी. तिचे हात हळदीनं माखलेले, म्हणून मीच वाचून दाखवलं, 'ताई, नर्स झालात की कळवा.' तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तू बी तेच लिहिली होतीस ना? मंग तूच हो. अन् कळीव त्यांना." कार्ड माझ्याकडं सारताना तिचं पिवळं बोट त्यावर उमटलं. मला नर्स होऊन आता वीस वर्षं झाली. ड्युटीवरून आल्यावर कितीदा तरी उत्तर लिहायला बसते, मजकूर पुरा होतो, आणि खाली नाव कुणाचं घालावं तिथं हात थांबतो.