शेवटच्या सामन्यातला ‘थांब’

तुमच्या गावच्या टीमचे पैसे कुणाच्या हातात असतात, हे तुम्ही कधी चारचौघांत विचारलं आहे? माझ्या मामानं विचारलं. पण तो विचारेपर्यंत टीम संपली होती. आणि आता मामाही नाही.

मिलिंद मामा गेला त्या सकाळी मी हैदराबादला होते. मामीचा फोन आला. "प्रज्ञा, तुये मामा उठून नाई राह्यले वं... चहा ठेवला, हाका मारल्या, उठूनच नाई राह्यले..." मामी रडत नव्हती. आपण नीट हाक मारली नाही म्हणून तो उठत नाही, असंच तिला वाटत होतं. मिळेल ती बस पकडून निघाले. नेरडीगोंड्याला बस थांबली आणि नरेश चढला, हायवेवरच्या पेट्रोल पंपाचा शर्ट अंगावर तसाच. मामाच्या फुटबॉल टीमचा हा फॉरवर्ड. माझ्या शेजारी बसला, आणि आदिलाबाद येईपर्यंत एकच वाक्य बोलला. "अक्का, सरांनी मले कधी शिवी नाई देल्ली... एकदा तरी द्यायला पायजे होती."

मामा बोथच्या सरकारी शाळेत पीईटी, म्हणजे खेळाचा मास्तर होता. आजोबांनी दुसऱ्याच्या रानात राबून त्याला शिकवलं आणि मामानं त्याचं काय केलं, तर संध्याकाळी शाळेतून परत आल्यावर पायातले बूट न काढताच आमच्या गावच्या, मावल्याच्या मैदानावर पोरं गोळा केली. मी वाढले ती आमच्या घरातल्या पत्रकांवर. विहारातल्या कार्यक्रमाचं, शिष्यवृत्ती अडली तिचं, रस्त्याचं, पाण्याचं पत्रक... बाबा लिहायचे, मामा छापून आणायचा, आणि मी घडी घालायला बसायचे. घडी घालता घालताच वाचायला शिकले. मामा म्हणायचा, "पोरी, पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याले प्रश्न विचार, म्हणजे तो कागद फेकत नाई. अन् शेवटी त्याले काहीतरी करायला सांग. नुसतं रडगाणं कोणाच्या कामाचं?" हा लेख मी त्याच रीतीनं लिहिते आहे. दुसरी रीत मला येत नाही.

क्लब साधाच होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या गटात खेळायचा. पोरं मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू सगळ्या भाषांत एकमेकांना शिव्या घालायची आणि पास मात्र न बोलता द्यायची. प्रत्येक पोरगा महिन्याला वर्गणी द्यायचा, बक्षिसाचे पैसेही क्लबातच जमा व्हायचे. ते सगळं अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे गिट्टीचा ठेकेदार. त्यानं पोरांना जर्सी दिली होती, बाहेरच्या सामन्याला गाडी दिली होती. अशा माणसाकडे हिशोब मागायचा नाही, हा आमच्याकडचा शिष्टाचार. ज्यानं जर्सी दिली त्याला हिशोब विचारणं म्हणजे जेवायला घालणाऱ्याच्या घरात डबे उघडून बघणं, असं लोक मानतात. मामाही मानायचा. "आपण खेळ पाहू, ते पैसा पाहतील," असं त्याचं म्हणणं. माझ्या मामाची ही चूक, आणि ती मी झाकणार नाही, कारण त्यानंही कधी झाकली नाही.

त्या वर्षीचा शेवटचा सामना मावल्यातच होता. गुणतक्ता आम्हाला अध्यक्षांच्याच तोंडून कळायचा. त्यांनी सांगितलं, ड्रॉ झाला तरी आपण लीगमध्ये राहतो. हरलो तर बाहेर. मामानं पोरांना तसंच खेळवलं. अंगावर जायचं नाही, घाई करायची नाही, बॉल आपल्याकडे ठेवायचा. सामना संपत आला तरी दोन्ही बाजूंना गोल नव्हता. समोरची टीम सगळीच्या सगळी आमच्या अर्ध्यात घुसली होती. तेवढ्यात बॉल नरेशच्या पायात पडला. त्याच्या पुढे मोकळं मैदान आणि एकटा गोलकीपर. नरेश सुटला... आणि मामा लाइनीवरून दोन्ही हात वर करून ओरडला, "थांब! थांब रे! कोपऱ्यात ने!" नरेश थांबला. मामा सांगेल ते तो करायचा. बॉल कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेला, पाठ वळवून त्यावर पाय ठेवून उभा राहिला. शिट्टी वाजली.

पोरं नाचायला लागली. कुणीतरी हलगी आणली होती. मामाला खांद्यावर घेतलं, मामीनं घागरभर सरबत आणलं होतं ते पोरांनी प्यायलं कमी आणि एकमेकांच्या डोक्यावर ओतलं जास्त. मी हसत फोटो काढत होते. लीगकडून आलेला माणूस कागद आवरून निघाला होता. त्यानं मामाच्या जवळ येऊन विचारलं, "सर, पोरं काऊन नाचून राह्यले? तुमचे दोन गुण तर कापले ना. लीगची फी नाई, रेफरींचं मानधन नाई, कितीदा इशारा देला. अध्यक्षांना केव्हाच सांगितलं."

दोन गुण. म्हणजे ड्रॉनं काहीच होणार नव्हतं. जिंकलो असतो तर मात्र राहिलो असतो.

मामा अजून पोरांच्या खांद्यावर होता. "उतरवा रे," म्हणाला. हलगी एकदम नाही थांबली. मागच्यांना कळायला वेळ लागला, ते वाजवतच राहिले... तो आवाज मला अजून ऐकू येतो. अध्यक्ष तिथंच उभे होते. म्हणाले, "पोरांचं मन खचलं असतं, सर. म्हणून नाई बोललो."

माझं रक्त खवळलं. घरी येऊन मी पत्रक लिहिलं, त्यात तीन ठिकाणी ‘चोर’ लिहिलं. मामानं तिन्ही ठिकाणी काट मारली. "चोर म्हटलंस तर तो अब्रूवर बोलत राहीन. हिशोबावर नाई बोलणार." पत्रकात शेवटी मागण्या दोनच राहिल्या. जमाखर्च पोरांसमोर वाचा. आणि लीगला विनंती, शिक्षा करायची तर पैसे हाताळणाऱ्याला करा. गुण त्यानं कमावलेले नव्हते. लीगनं नियमावर बोट ठेवलं. गावात बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "जर्सी कोणी देल्ली? गाडी कोणी लावली?" एका पोराच्या बापानं मामालाच टोमणा मारला, "मास्तर, देणाऱ्यालेच हिशोब मागता काय?" मामा उभा राहून शांतपणे बोलला, "त्यानं देलं त्याचे आभार, भाऊ. पोरांनी देलं त्याचा हिशोब." हिशोब वाचला गेला नाही. पोरं पांगली. पुढच्या वर्षी लीग सुरू झाली तेव्हा आमच्या मैदानावर म्हशी होत्या.

मला वाटत होतं, मामा त्या फसवणुकीनं खचला. तसं नव्हतं. एकदा अंगणात बुटांचा चिखल काढत बसला होता, तेव्हा म्हणाला, "त्यानं पैसे खाल्ले ते सोड वं. माह्या तोंडातून ‘थांब’ निघालं... माह्या." मी म्हटलं, "मामा, तुला माहीत नव्हतं." तर म्हणाला, "पोरगं तर माह्यावर भरवसा ठेवून थांबलं ना."

त्यानंतर दर रविवारी मामा एक बॉल घेऊन मैदानावर जायचा. नरेश सुटी काढून नेरडीगोंड्याहून यायचा. सामना नाही, समोर टीम नाही. नरेश त्याच जागी उभा राहायचा, मामा लाइनीवर, त्याच जागी. मामा ओरडायचा, "जा!" नरेश धावायचा आणि जाळी नसलेल्या गोलात बॉल मारायचा. बॉल पार ज्वारीत जायचा. तो आणायला मामा स्वतः जायचा, नरेशला जाऊ द्यायचा नाही. लोक हसायचे. म्हणायचे, मास्तरचं डोकं फिरलं.

मामाचा जलदान विधी झाल्यानंतरच्या रविवारी नरेशनं मामाच्या दारामागच्या खिळ्यावरच्या पिशवीतून तो बॉल काढला. मी आणि मामी त्याच्या मागे मैदानावर गेलो. नरेश त्याच्या जागी उभा राहिला आणि लाइनीकडे बघत राहिला. मी ओरडायचा प्रयत्न केला. इतकी पत्रकं लिहिलेली मी, तो एक शब्द मला ओरडता आला नाही. मग माझ्या शेजारून मामीचा बारीक आवाज आला, "जा रे बाबू... जा."

आता तुमचं काम. येत्या रविवारी तुमच्या गावच्या मैदानावर जा. सामना सुरू होण्याआधी, पैसे ज्याच्या हातात असतील त्याला पोरांच्या देखत विचारा: लीगचे पैसे भरले का, आणि पोरांचे गुण जागेवर आहेत का? तो रागावला तरी विचारा. त्यानं जर्सी दिली असली तरी विचारा. आणि उत्तर ऐकल्याशिवाय कुठल्याही पोराला ‘थांब’ म्हणू नका.