पुसण्याआधीचा फोटो

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर गंज शोधणं हे माझं काम. पार्टवर नखाएवढा डाग दिसला तरी लाल टॅग लावून तो बाजूला काढायचा. आणि गुरुवारी, आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी, मी कॅमेरा घेऊन गंजाचेच फोटो काढायला निघतो. बायको म्हणते, "घराच्या भिंतीला पोपडे आलेत, त्याचे काढा. पेट्रोल तरी वाचेल."

बंद पडलेल्या शेडमध्ये शिरलं की आधी वास येतो. मशीनवर सोडायचं जुनं कूलंट, कबुतरं, ओल. पत्रे उडालेले असतात तिथून ऊन थेट खाली उतरतं आणि जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्या फोडून गवत वर आलेलं असतं. मला तिथं बरं वाटतं. हे लिहायला जड जातं, कारण शेड बंद आहे म्हणजे तिथून कुणीतरी डबा घेऊन कायमचं घरी गेलेलं असतं. पण आत असताना मला ते आठवत नाही. मला रंग दिसतात. मध्येच एखादा माणूस फ्रेममध्ये आला तर मी थांबतो, आणि तो गेला की बटण दाबतो.

माझा थोरला भाऊ भोसरीतल्या अशाच एका कंपनीत लेथ मशीनवर होता. ती बंद पडली तेव्हापासून तो तळेगावच्या एका सोसायटीच्या गेटवर बसतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला.

"आमची कंपनी पाडणार हायेत. बिल्डरनं घेतली. तू फोटो काढायला जाणारच असशील."

"जाणार हाय."

"मग मला बी ने. लेथपाशी माझा एक फोटो काढ. एवढी वर्षं उभा राहिलो, एक फोटो न्हाई."

खरं होतं ते. आधी मोबाइल नव्हते आणि आले तेव्हा ते गेटवर जमा करावे लागत.

गुरुवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बसवून आला. हातात कापडी पिशवी. गेटवर एजन्सीचा नवा वॉचमन होता, मराठवाड्याकडचा.

"कशाचे फोटो काढायलेत साहेब? काय राह्यलंय इथं?"

"माझं लग्न ठरवायचंय," दादा म्हणाला. "पोरीकडच्यांना पाठवायचाय."

"मग उन्हात नका काढू काका, वय दिसतंय," असं म्हणून त्यानं गेट उघडलं.

लेथ खिडकीजवळच्या कोपऱ्यात होता. त्याच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावर, नारिंगी गंज चढला होता आणि हातानं फिरवायच्या चाकाला, हँडव्हीलला, कसलीशी वेल गुंडाळली होती. खिडकीतून येणारं ऊन नेमकं त्या वेलीवर पडलं होतं. इतका चांगला फोटो मला कधी मिळाला नव्हता, हे बघताक्षणी कळलं. मी कॅमेरा काढेपर्यंत दादानं पिशवीतून जुन्या बनियनचं फडकं आणि तेलाची बाटली काढली आणि बेडचं एक टोक घासायला सुरुवात केली.

"दादा, थांब. पुसू नको."

"का?"

"असंच चांगलं दिसतंय."

त्यानं मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्यो गंज?"

"व्हय."

"कंपनीत हाच गंज बघून टॅग लावतोस की रं."

"ते काम हाय."

"असलं घाण मशीन म्या कधी ठेवलं न्हाई," तो म्हणाला. "फोटो बघून लोक काय म्हणतील?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता.

"मी बाजूला होऊ?"

"व्हय, जरा."

तो खांबापाशी जाऊन उभा राहिला. मी गुडघ्यावर बसून काढले, मग आडवा होऊन काढले. ऊन सरकत गेलं तसा मीही सरकत गेलो. शेवटी मान वर केली तेव्हा दादा तिथंच उभा होता. लग्नात स्टेजवर जाण्यासाठी पाहुणे कडेला ताटकळतात, तसा. हातात फडकं होतं आणि शर्टाला ते लागू नये म्हणून त्यानं हात लांब धरला होता.

"झालं?"

"झालं."

"आता पुसू?"

ते मशीन त्याचं होतं आणि तो मला विचारत होता. मी कॅमेरा खाली ठेवला. त्यानं फडकं फाडून अर्धं मला दिलं. आम्ही बराच वेळ घासलं. गंज पुरता गेला नाही, पण तेलानं मशीन काळं, चकचकीत दिसायला लागलं. वेल त्यानं उपटून खिडकीबाहेर टाकली. हँडव्हील फिरवून पाहिलं, ते हललं नाही. मग नुसता त्यावर हात ठेवून तो उभा राहिला.

"इकडं बघ," मी म्हणालो.

"काम करताना इकडं कोण बघतंय?"

तोवर ऊन गेलं होतं. फ्लॅश मारून काढला. अगदी साधा फोटो आला.

शेड आता नाही. तो फोटो दादाच्या बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलाय. परवा मी गेलो होतो तेव्हा शेजारचे एक गृहस्थ चहाला आले होते. फोटोकडं बघून म्हणाले, "काका, कंपनी चालूय वाटतं अजून?"

दादानं माझ्याकडं बघितलं. "फोटो भावानं काढलाय," म्हणाला, आणि त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

ते गेल्यावर त्यानं विचारलं, "तुझा त्यो गंजाचा कसा आलाय?"

"बरा आलाय."

"दाखव की एकदा."

"दाखवतो," मी म्हणालो. फोटो माझ्या खिशातल्या मोबाइलमध्येच होता. मी आजवर काढलेल्यांत तो सर्वांत चांगला आहे, असं मला अजूनही वाटतं. फक्त त्याच्या एका कडेला, बेडच्या टोकाशी, दादानं पुसलेला हातभर पट्टा येत होता. तेवढा मी कापून टाकलाय.