हे वाण परत करायचं

सुहासिनीमावशी २०२०च्या फेब्रुवारीत इथे परदेशात, पेंडल हिलला, लेकाकडे, निनादकडे, आल्या त्या सहा आठवड्यांसाठी. मग विमानं बंद झाली आणि देवाच्या मनात होतं ते झालं. आम्हाला ग्रंथपाल मिळाल्या.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा ग्रंथालयाच्या त्या पहिल्या बाई ग्रंथपाल. नोकरी लागली तेव्हा चोवीस वर्षांच्या. बायका ग्रंथालयाची पायरी चढायच्या नाहीत, म्हणून मावशी संक्रांतीत पुस्तकांची ट्रंक एसटीत टाकून गावोगावच्या हळदीकुंकवाला जायच्या. वाण म्हणून पुस्तक द्यायच्या आणि बजावायच्या, "हे वाण परत करायचं बरं का, महिन्याच्या आत!" अशी चौतीस वर्षं.

इथे निनादची गाडी गॅरेजबाहेर निघाली आणि घराघरांतली मराठी पुस्तकं आत आली. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांची कार्डं झाली. माझं नऊ नंबरचं. नियम एकच: पुस्तकावर डाग पडला की कार्ड बंद. घरात कोंडलेल्या त्या दिवसांत पोथी वाचून झाली की मला आधार त्या कार्डाचाच.

आणि दसऱ्याला मी पाटावर सरस्वती काढली, शेजारी पुस्तक मांडलं, हळदकुंकू आणि फूल वाहिलं. फूल उचललं तर मुखपृष्ठावर लालभडक ठिपका.

"लायब्ररीच्या पुस्तकाला कुंकू?" माझ्या नवऱ्याने, श्रीनाथने, कपाळाला हात लावला.

"मग सरस्वती काय घरची वेगळी आणि लायब्ररीची वेगळी असते?"

"आई, यू आर सो बस्टेड!" लेकीला, चिन्मयीला, हसू आवरेना.

पुसायला गेले तर ठिपक्याचा पट्टा झाला. दुसऱ्या दिवशी नामस्मरण करतच गॅरेज गाठलं. मावशींनी मागायच्या आधी आपणच द्यावं म्हणून कार्डही हातात धरलेलं.

मावशींच्या पुढ्यात सकाळपासून परत आलेली अठरा पुस्तकं होती. प्रत्येकावर कुंकू. एकाला तर अक्षताही चिकटलेल्या.

"मावशी, माझं कार्ड..."

"ठेव ते. तुझं बंद केलं तर सगळ्यांचीच करावी लागतील. मग मी इथे माश्या मारत बसू?" मास्कच्या वर त्यांचे डोळे हसत होते. "अगं, कुंकवाच्या मागे मागे तर माझी पुस्तकं घराघरांत शिरली. आता त्यालाच डाग म्हणू?"

त्यांनी रजिस्टर ओढलं. 'पुस्तकाची अवस्था' या रकान्यात माझ्या नावापुढे वळणदार अक्षरांत लिहिलं: पूजलेले. मग खाली अठरा वेळा तेच.

"पुढच्या दसऱ्याला नुसतं फूल वाहा हं," चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या. "आणि पुस्तक चार दिवस उशिरा आणलंयस, ते मी विसरलेले नाही."