आम्ही ते जाधव नाही

हे बोलायची मला सवय नाही, कारण आजवर कुणाशीच बोललेले नाही. आईशी नाही, भावाशी नाही. जिच्याबाबतीत घडलं तिलाही ठाऊक नाही — म्हणजे तिला जे ठाऊक आहे ते खोटं आहे, आणि ते खोटं मीच तिला सांगितलंय. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

सोप्या गोष्टींपासून सुरू करते. मी सीमा जाधव. वय त्रेचाळीस. शिकागोजवळ शॉमबर्गला एकटी राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. दोनच गोष्टी मी मनापासून करते — शनिवारी सकाळी धावते आणि त्याच दुपारी माझ्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच बघते. फुटबॉल म्हणजे इथलं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. धावण्यात मी सामान्य आहे. फॅन म्हणून नाही. आम्ही हरलो की सोमवारपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. हसू नका. किंवा हसा, माझी आईसुद्धा हसते.

हे वेड लागलं स्टेट कॉलेज नावाच्या गावात, एमएस करायला आले तेव्हा. चौघी मराठी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. पहिल्याच आठवड्यात पोळ्या लाटता लाटता एकीने विचारलं, जाधव म्हणजे तुम्ही मराठाच ना? मी हसले. 'हो' म्हटलं नाही, नुसतं हसले — आणि कितीतरी वर्षं त्यावरच समाधान मानलं, की बाई, आपण 'हो' म्हटलेलं नाही. आम्ही लातूरचे बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला. वडील पोस्टात, आई सरकारी दवाखान्यात नर्स. मी राखीव जागेवर इंजिनिअर झाले. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला घरी पक्कं शिकवलं होतं. तरी हसले.

मग त्या सप्टेंबरात पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले. जिकडे बघावं तिकडे माणसं, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच रंग. आमच्या टीमने टचडाउन करून गुण मिळवल्यावर शेजारच्या अनोळखी बाईने मला कडकडून मिठी मारली. तिथे कुणी काही विचारत नव्हतं. मला वाटलं, आपण इथल्याच. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये — कशानंतर काय झालं ते कळावं म्हणून सांगतेय.

शॉमबर्गला आल्यावर अरुणकाका आणि शुभदाकाकू भेटले. मूळचे पुण्याचे, त्यांची दोन्ही मुलं आमच्याच युनिव्हर्सिटीत शिकली. त्यांच्या बेसमेंटमध्ये भिंतभर टीव्ही आहे. सीझनमध्ये दर शनिवारी तिथे सात-आठ मराठी घरं जमतात. बायका बऱ्याचदा वर किचनमध्ये असतात. मी खाली, काकांच्या शेजारच्या खुर्चीत. ती खुर्ची माझीच म्हणून ठरून गेली होती. जाधवांची सीमा. मुद्दाम कुणी काही विचारलं नाही, मुद्दाम मी काही सांगितलं नाही.

आता करुणा.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत ती तळ्याभोवतीच्या ट्रेलवर भेटली. मी बदकांची वाट बघत थांबले होते — कॅनडाची ती मोठी बदकं रस्त्यात बसली की हलत नाहीत. ती समोरून आली, माझ्या टी-शर्टवरचं युनिव्हर्सिटीचं नाव बघून आमच्या टीमची आरोळी ठोकली आणि बदकांमधून सरळ निघून गेली. मग वळून आली. करुणा रामटेके, नागपूर, इंदोरा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, माझ्याहून कितीतरी वेगवान. नुकतीच टेक्सासहून बदलून आलेली. पुढच्या शनिवारपासून आम्ही एकत्र धावायला लागलो. ऑक्टोबरअखेरीस हाफ मॅरेथॉन होती. मला आयुष्यात एकदा ती दोन तासांच्या आत पूर्ण करायची होती. तिला ते फारच हळू. "मी नेते ना तुले, ताई," ती म्हणाली. "तू फक्त माझ्या पाठीकडे बघत ये."

ऑगस्टमधली एक सकाळ आहे. घामाने निथळत होतो. तिने विचारलं, दसऱ्याच्या सुमाराला इथल्या बौद्ध मंडळींचा कार्यक्रम असतो, येशील का? मग सहज म्हणाली, "जाधव आमच्यातही खूप आहेत ना."

विचारलं का तिने? नाही. नुसतं एक दार उघडून धरलं. आत यायचं तर या, नाही तर राहिलं. धावताना श्वास मोजूनमापून वापरावा लागतो, कमी शब्दांत बोलावं लागतं. मी चार शब्द वापरले.

"आम्ही ते जाधव नाही."

आणि वर, न विचारता — दसऱ्याला आमच्याकडे घट असतात, जमणार नाही. माझ्या घरात घट कधी बसले नाहीत. ते कसे बसवतात हेही मला नीट माहीत नाही. "अच्छा, अच्छा," ती म्हणाली, आणि पुढचा मैलभर माझ्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलली.

इथपर्यंतचं भित्रेपण म्हणून खपेल. मला खपवायचं नाहीये. पुढचं आहे.

सीझन सुरू झाल्यावर मी तिला काकांकडे नेलं. का नेलं? ती एकटी होती, फुटबॉल माझ्याहून चांगलं जाणत होती, आणि मला ती आवडायची — हे सगळं खरं आहे. तिने तर्री पोहे करून आणले. काका तीनदा घेऊन आले. पुढचा खेळ कुठे जाणार हे ती आधीच सांगायची आणि तसंच व्हायचं. दुसऱ्याच शनिवारी काकांनी तिला त्यांच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची दिली. त्याच दिवशी हाफ-टाइमला कुणीतरी विचारलं, तुम्हा दोघींची ओळख कशी? तिने बदकांची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाली, "मला तर आधी वाटलं, ताई आमच्यातलीच आहे!"

सगळे हसले. काका हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. पण काकूंनी माझ्याकडे पाहिलं — एकदाच, सहज पाहतात तसं. त्यात काही होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मला मात्र दिसलं.

तिसऱ्या शनिवारी काकूंनी मला किचनमध्ये थांबवलं. त्यांच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, जुन्या वळणाच्या. त्यांनी रामटेके हे आडनाव ऐकलं होतं आणि काहीतरी बोलल्या होत्या. काकू अवघडून गेल्या होत्या, हातातला टॉवेल पिळत होत्या.

"आपल्यात आता कोण पाळतं गं असलं. पण आई तिच्यासमोर काही बोलल्या तर? पोरीला किती वाईट वाटेल. जाऊ दे, मी आईंना दुपारी वरच बसवते. काढेन समजूत."

नीट ऐकलंत ना? काकू म्हणाल्या, जाऊ दे. त्यांनी तोड काढली होती. मी फक्त 'बरं' म्हणून वाट्या उचलून खाली जायचं होतं. मला कुणी काहीही करायला सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "काकू, खरं सांगू? तुम्ही कशाला ओढाताण करून घेता? तिचं जरा अतीच होतंय. या लोकांना एकदा आत घेतलं ना, की सगळं हक्काचं वाटायला लागतं. शिक्षणापासून तीच सवय."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने, माझ्या आवाजात. राखीव जागेवर शिकलेली मी. सात वर्षांची असताना आईला दवाखान्यात असंच काहीसं ऐकून घेताना मी पाहिलं होतं. ते शब्द मला शोधावे लागले नाहीत. तयारच होते.

काकूंनी हातातला टॉवेल ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुला वाटतं तसं? मग तूच सांग बाई तिला काहीतरी. मला नाही जमायचं." मी म्हटलं, सांगते. त्या सुटल्यासारख्या दिसल्या. मीही सुटले होते. आता ती पुन्हा तिथे येऊन 'ताई आमच्यातलीच' असं काही बोलणार नव्हती.

करुणाला मी सांगितलं की काकांच्या घरच्या आजी खूप आजारी आहेत, काकांनी या सीझनला सगळं कॅन्सल केलंय. "अरे बापा," ती म्हणाली. सूप करून नेऊ का विचारलं. म्हटलं, त्यांना सध्या कुणी आलेलं नको आहे. मग म्हणाली, चल, माझ्याकडे बघू मॅच. मी दर वेळी काहीतरी सांगायचे — ऑफिसचं काम, डोकेदुखी — आणि काकांकडे जाऊन बसायचे. एका शनिवारी मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. ती घरी एकटी बघत होती आणि मला मेसेजवर मेसेज पाठवत होती. "ताई बघतेयस ना???" मी काकांच्या शेजारून उत्तर दिलं, "हो गं, एकटीच ओरडतेय." तिने हसण्याची चित्रं पाठवली. आम्ही जिंकलो. काकांनी मला टाळी दिली. तिच्या मोकळ्या खुर्चीत त्या दिवशी आजी बसल्या होत्या. खेळ कळत नसूनही मजेत होत्या.

शनिवारी सकाळचं धावणं चालूच होतं. ते मी सोडलं नाही. मला दोन तासांच्या आत यायचं होतं ना.

रेस रविवारी होती. थंडी, ऊन, वारा नाही. करुणा तिच्या वेगापेक्षा कितीतरी हळू, पूर्ण अंतर माझ्या दोन पावलं पुढे धावली. दहाव्या मैलानंतर मी रडकुंडीला आले. ती उलटी धावत माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "ताई, पाठीकडे बघ म्हटलं होतं ना, तोंड काय बघतेस," आणि पुन्हा वळली. एक तास अठ्ठावन्न मिनिटं. फिनिशला मी तिच्या गळ्यात पडले.

आणि तिथे अरुणकाका उभे होते. मला सरप्राइज द्यायला आले होते, हातात माझ्या नावाचा बोर्ड. काकू नव्हत्या. काकांना किचनमधलं काहीच माहीत नव्हतं. करुणाला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगं करुणा! आहेस कुठे? कालची मॅचही चुकवलीस! सगळे विचारतात तुला."

तिने विचारलं, "आजी कशा आहेत, काका?"

"आई? ठणठणीत! काल चार वडे खाल्ले."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं तिने केलं नाही. काकांना म्हणाली, "ऑफिसचं काम होतं काका, जमलं नाही," आणि आम्हाला बोर्ड धरायला लावून आमचा दोघांचा फोटो काढला.

आम्ही तिच्या गाडीने आलो होतो. परतीचा रस्ता चाळीस मिनिटांचा. निम्मा मागे पडला. मेडल माझ्या मांडीवर होतं. मग समोर बघतच तिने विचारलं, "ताई, मी काही चुकीचं बोलले का तिथं?"

आता सांगायला हवं होतं. दुसरी कुठली वेळ असणार होती? गाडीत दोघीच होतो, तिने स्वतःहून विचारलं होतं, आणि तिचा आवाज साधा होता, रागावलेला नव्हता.

मी म्हणाले, "तुझं काही नाही गं. काकूंना... तुझं आडनाव. मी खूप भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तिला येऊ देणार नसाल तर मीही येणार नाही. पण काका किती चांगले आहेत बघ, त्यांच्यासाठी मला जावं लागतं. तुला वाईट वाटू नये म्हणून आजारपणाचं सांगितलं."

सलग बोलले. कुठे अडखळले नाही. तिने गाडी हळू केली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक्स ताई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात मला एवढंच सुचलं, की ही काकूंना जाऊन विचारणार तर नाही? तिने विचारलं नाही. ती तशी नव्हतीच.

पुढच्या उन्हाळ्यात ती टेक्सासमधल्या शुगर लँडला नव्या नोकरीवर गेली. काकू एकदा म्हणाल्या, त्या मुलीला बोलवायला हवं होतं गं, मनाला लागून राहिलंय. मी म्हटलं, ती कधीच शहर सोडून गेली. मी अजून तिथे जाते. खुर्ची तीच आहे.

गेल्या मे महिन्यात करुणाची आई अमेरिकेत आली. शिकागो बघायला म्हणून दोघी आल्या, पण आधी माझ्याकडे उतरल्या. मावशींना यायचंच होतं म्हणे. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. सोफ्यावर टेकल्या न टेकल्या तोच पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले.

"पोरीनं समदं सांगितलं मले," त्या म्हणाल्या. "आमच्यातली नसून आपल्याच लोकाईशी भांडल्या तुम्ही माझ्या पोरीसाठी. एवढं कोण करते?"

करुणा शेजारी उभी होती. तिला जरा संकोच वाटत होता, आई सगळं बोलून टाकते म्हणून.

"कुणीही केलं असतं, मावशी," मी म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.